वण पुसणारा डबा

मित्रांनो, टीव्हीच्या पाठीमागे धूळ खात पडलेला मी एक जुना डबा आहे. इंटरनेटवरून आलेलं चित्र पडद्यावर पोचवायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा तोरा होता. मग या घरी आलो आणि मालकांनी रिमोट दाबदाबून तो उतरवला.

मालक गेले. मागे उरली लेकीने जुन्या फोनवर घेतलेली त्यांची एक फीत. चित्र दाणेदार, अंधुक. त्यात ते हसून म्हणतात, "माझं काय काढतेस? आईचं काढ!" मालकांच्या पत्नी, म्हणजे मोठ्या बाई, रोज चार वाजता ती लावायच्या.

एके दिवशी जावई नवा टीव्ही घेऊन आले. फीत चालू असतानाच त्यांनी माझ्या सेटिंगमध्ये हात घातला. चित्र सर्वांत मोठं केलं, वर 'दाणे काढा' हेही चालू केलं. पडदा काळा झाला. काळोखातून आवाज तेवढा आला, "माझं काय काढतेस?"

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या.

चित्र उजळलं; 'चित्र बरोबर आहे का?' या माझ्या प्रश्नाला जावयांनी लगेच 'हो' दाबलं. वाटलं, आता शाबासकी मिळणार! पण बाईंनी काचेवर बोट ठेवलं. "हा कोण?"

"आई, बाबाच की. किती साफ दिसतायत बघा!"

"यांच्या गालावर देवीचे वण होते. ते कुठे गेले?"

जावई चाचरले. "बॉक्सला ते डाग वाटले असतील. पुसतो तो."

"चाळीस वर्षं हात फिरवलाय त्यावरून. असला गुळगुळीत नवरा मी पत्करला असता होय? आवाज यांचा नि तोंड भलत्याचंच! माझा माणूस परत आणा आधी."

"मूळ फीत तशीच आहे, आई," म्हणत जावयांनी सगळं पूर्वीसारखं केलं. पुन्हा काळोख. मग मी नेहमीप्रमाणे विचारलं, 'चित्र बरोबर आहे का?' उत्तराला पंधरा सेकंद असतात. कोणी 'हो' म्हटलं नाही, तर मी मागच्या सेटिंगवर जातो, म्हणजे त्या गुळगुळीत तोंडाकडे.

बाईंनी रिमोट हिसकावला. चष्मा पुसला. दहा... अकरा... नाक काचेला टेकवून एकेक वण शोधला. चौदाव्याला बटण दाबलं.

"आले," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हापासून मी धास्तावलेला आहे. बंद असलो तरी ते परकं तोंड माझ्या आत तरळतं. ते मीच घडवलं होतं, बाईंना न विचारता. माझ्यावरची धूळ खुशाल पुसा. पण कुणाचा चेहरा साफ करण्याआधी, त्यावरून ज्याचा हात फिरलाय त्याला विचारा.

चार वाजत आले. बाई खुर्ची ओढतायत.