खाचेपर्यंतचा बर्फ

मी एक काठी. टोक्मा म्हणतात मला. गोड बोलणं मला जमत नाही. जिच्या हातात मी वीस वर्षं काढली ती जसमती राई तिसरीपर्यंत शिकलेली आणि तोंडाने फटकळ. बोलायला मी तिच्याकडूनच शिकले. म्हणून आधीच सांगून टाकते: मी एका पोरीचा जीव घेतला. कसा घेतला ते ऐका, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या हातात असते तसली काठी मी नव्हे. मी बुटकी, कमरेच्याही खाली राहणारी, डोक्यावर आडवं लाकूड बसवलेली. पाठीवर डोको, म्हणजे ओझ्याची बांबूची टोपली, डोक्यावरून त्याचा पट्टा, आणि हातात मी. चढ चढून माणूस दमला की डोको खाली उतरवत नाही, कारण उतरवला तर पुन्हा उचलताना जीव जातो. तो मला मागे नेतो, डोकोच्या बुडाखाली टेकवतो आणि उभ्या उभ्याच विसावतो. सगळं ओझं माझ्यावर येतं. मग तो ओठ आवळून लांब शीळ घालतो. तेवढीच त्याची विश्रांती. माणसं पायांवर चालतात असं माणसांना वाटतं. मला विचारा.

जसमतीने मला रानातल्या गुरांसाच्या झाडापासून तोडलं तेव्हा ती नवी नवरी होती. खरं तर असली काठी नवऱ्याने करून द्यायची. पण त्याचा हात कामात कमी आणि जाँडच्या, घरच्या दारूच्या, भांड्यात जास्त. पुढे तो परदेशात पहारेकरी म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. जसमतीने मला स्वतः तासलं, मोहरीचं तेल पाजलं, आपल्या बुटक्या बांध्याला बेताचं केलं. तिच्या ओझ्याखाली मी कधी करकरलेसुद्धा नाही.

आमची वाट पोकेलुंगच्या खिंडीवरून जाते. खिंडीपलीकडे शिखराच्या पायथ्याचा तळ. तांदूळ, रॉकेल, तंबू, शिखर चढायला येणाऱ्या पाहुण्यांच्या खुर्च्या, सगळं आमच्या पाठीवरून तिथे जातं. खिंडीच्या अलीकडे दगडी चौतारी आहे, विसाव्याचा कट्टा. तिच्यापुढे गवताचा मोठा तिरका उतार आडवा कापत जावं लागतं. ऐन हिवाळ्यात तिथे कोणी जात नाही. खरी भीती हंगामाच्या सुरुवातीची, दसैंच्या म्हणजे दसऱ्याच्या आसपासची.

पहिला बर्फ कच्चा असतो. खालची जमीन अजून उबदार असते, गवत लांब आणि निसरडं असतं, आणि त्यावर हा ओला बर्फ नुसता ठेवल्यासारखा पडून राहतो. धरून ठेवायला त्याला काही नसतं. सकाळी वरून कडक, माणूस पेलतो. दहा वाजले की मऊ होतो आणि पाय आत जातो. झुडपांवर पडला असेल तर खाली पोकळी. दगडी पायऱ्यांवर झऱ्याचं पाणी गोठलेलं, आणि त्यावर साळसूदासारखा चार बोटं भुसभुशीत थर. हे सगळं पायाच्या आधी मला कळतं. मी पुढे रुतते, मग पाय येतो.

जसमतीच्या तिसऱ्या का चौथ्या हंगामात, तिच्या डोळ्यांसमोर, त्या उतारावरून सगळा बर्फ एकदम निघाला. चादर ओढावी तसा. सामानासकट दोन झोप्के, ओझ्याचे बैल, खाली गेले, माणसं थोडक्यात वाचली. आम्ही चौतारीवरच होतो. जसमतीने तिथल्या तिथे मला बर्फात उभं रोवलं, बर्फ कुठवर आला ते पाहिलं, त्याच्या खाली थोडं अंतर सोडलं आणि खुकुरीने माझ्या अंगावर खाच पाडली. टोकापासून मोजून दोन वीत.

"खाच उघडी दिसली तर पुढे. खाच बुडाली तर माघारी," ती म्हणाली. "मग मला भित्री म्हणा नाहीतर काही म्हणा."

पुढे खाच बुडाली असताना दोघे जण हट्टाने गेले आणि एकाचा पाय तुटला. तेव्हापासून सगळी वाट माझं ऐकायला लागली. चौतारीवर माणसं थांबून राहायची. "जसमती दिदी, काठी काय म्हणते?" हमालांचा नाईक सर्वधन, आडदांड माणूस, पाहुण्यांसमोर मोठ्या गमजा मारणारा, तोही विचारायचा. जसमती मला रोवायची आणि म्हणायची, "काठी म्हणते, सर्वधन, घरी जा आणि बायकोची भांडी घास." सगळे हसायचे आणि माघारी वळायचे. माझ्या शब्दावर तीस-तीस माणसं वळायची. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू. लाकडाला अक्कल असते असं मला वाटायला लागलं होतं.

जसमतीची लेक इंद्रकला बापावर गेली. बांधा उंच, पाय लांब. आईच्या खांद्याला लागेपर्यंत पोरगी म्हणायची, पुढे आईच तिच्या खांद्याला लागली. ती डोको वाहायला लागली तेव्हा घरात काठी एक आणि बायका दोन. आळीपाळीने मला न्यायच्या. पण इंद्रकलेला मी आखूड पडायचे. माझ्यावर ओझं टेकवायला तिला गुडघे वाकवून अर्धं बसावं लागायचं. विसावा कसला, शिक्षाच ती.

"आमा, तुझी काठी मला बसायला लावते. शाळेतल्या मास्तरसारखी."

"मग कशाला वाढलीस एवढी? मी सांगितलं होतं का?"

"तू ढिंडो वाढत राहिलीस, मी खात राहिले."

अशा बोलायच्या त्या. भांडतायत की लाड करतायत ते शेजाऱ्यांना कळायचं नाही.

त्या वर्षी दसैंला जसमती मला घेऊन खालच्या बाजारात लोहाराकडे गेली. त्याच्याकडे पाण्याच्या नळाचा एक तुकडा पडला होता. त्याने तो तापवला, एक तोंड ठोकून टोकदार केलं, दुसऱ्या तोंडात माझं बूड बसवलं. मी आठ बोटं वाढले. लोहाराने विचारलं, "पुरे का?" जसमतीने हात वर करून लेकीची उंची दाखवली आणि म्हणाली, "पुरे. आता पोरीला वाकावं लागणार नाही."

दसैंच्या टिळ्याच्या दिवशी तिने मला इंद्रकलेच्या हातात दिलं. पोरीने अंगणात भाताचं पोतं घातलेला डोको पाठीवर घेतला, मला मागे टेकवलं, आणि ताठ उभी राहून लांब शीळ घातली. जसमती तोंड फिरवून हसली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

खाचेचा विचार कोणीच केला नाही. तिने नाही, लोहाराने नाही, पोरीने नाही. मी तर काठी. खालून आठ बोटं वाढले तशी माझी खाचही जमिनीपासून आठ बोटं वर गेली. एवढीशी गोष्ट. हिशोब नाही लागत त्याला, नुसती नजर लागते. पण ज्या खुणेवर इतकी वर्षं विश्वास ठेवला तिच्याकडे माणूस पाहायचंच थांबतो.

टिळ्यानंतर तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. लवकर, फारच लवकर. हंगामाचा पहिला पाहुणा गर्दी व्हायच्या आत शिखर चढायचं म्हणून घाईघाईने आला होता, आणि त्याचं सामान तळावर न्यायचं होतं. जसमतीचा गुडघा सुजला होता. ती उंबऱ्यात पाय पसरून बसली आणि पट्टा बांधणाऱ्या लेकीला म्हणाली, "ऐक. पाहुण्याचं ऐकायचं नाही. त्या सर्वधनचं तर मुळीच नाही. खाच काय म्हणते तेवढंच ऐकायचं."

"आणि माझं मन काय म्हणतं ते?"

"तुझं मन काल म्हणत होतं की सिनेमाला जाऊ. खाचेचं ऐक."

सकाळी नवाच्या सुमारास आम्ही चौतारीवर पोहोचलो. सात माणसं होती. सर्वधन म्हणाला, "चल बहिनी, आज तू दिदीच्या जागी. विचार तुझ्या काठीला."

इंद्रकलेने मला रोवलं. बर्फ खाचेच्या दोन बोटं खाली थांबला. खाच उघडी होती, स्वच्छ, कोरडी.

मला कळलं होतं. हे मी कोणाला सांगू? माझं नवं टोक गवतावर टेकलं होतं आणि गवतावर पाणी वाहत होतं. जुन्या मापाने तो बर्फ खाचेच्या सहा बोटं वर होता. माझं सगळं अंग ओरडत होतं. पण लाकडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

पोरगी हुशार होती. ती उताराकडे बराच वेळ पाहत राहिली. "दाइ, मला नाही बरं वाटत हे. बर्फ जड दिसतो. थांबू या उद्यापर्यंत."

सर्वधनने वाकून पाहिलं. त्याचा आवाज वाईट नव्हता, तिला धीर द्यायलाच तो बोलत होता. "खाच दिसतेय ना? मग? तुझ्या आमाची खाच कधी खोटी ठरली?"

"नाही ठरली."

"मग झालं तर."

तिने मला उपसलं. काठी जिच्या हातात ती पुढे, असा आमच्याकडचा रिवाज. ती पुढे झाली. बाकीच्यांना म्हणाली, "एकेकाने या. मी पलीकडे पोहोचले की शीळ घालेन." आमाचंच शिक्षण ते.

निम्म्या उतारावर ती थांबली. दम लागला होता. तिने मला मागे घेतलं, डोको टेकवला. ताठ उभी राहिली, गुडघे न वाकवता. ओठ आवळले. शीळ अर्धी झाली होती.

तेवढ्यात उतार निघाला.

आवाज मोठा नव्हता. ओलं पोतं घसरावं तसा. मी तिच्या हातातून सुटले ते मला कळलं. मग पुष्कळ वेळ काही कळलं नाही.

थांबलं तेव्हा माझं डोकं बर्फाच्या वर होतं. सर्वधनने लांबून ते आडवं लाकूड पाहिलं आणि धावत खाली आला. "इथे आहे. काठी इथे आहे, म्हणजे हात इथेच असणार." सहाही जण माझ्याभोवती खणायला लागले. हातांनी, ताटांनी, पातेल्याच्या झाकणाने. नखं फुटली त्यांची. मी रोवलेली, आणि माझ्यावर विश्वास ठेवून ते माझ्याच बुडाशी खणत राहिले. इंद्रकला माझ्यापासून वीस हात खाली होती. एकाच दिवसात मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

दुपार टळून गेल्यावर ती सापडली. पट्टा अजून डोक्यावर होता.

सर्वधनने मला जसमतीच्या दारात आणून ठेवलं. मोठा माणूस लहान पोरासारखा रडत होता. "दिदी, आम्ही खाच पाहिली होती. तुझी शपथ. खाच उघडी होती."

जसमती रडली नाही. तिने मला मांडीवर आडवं घेतलं. लोखंडी टोकावर अंगठा ठेवला आणि वीत टाकली. एक. दोन. दुसरी वीत खाचेच्या अलीकडेच संपली. उरलेल्या जागेवर तिने बोटं ठेवली. चार, आणि पुन्हा चार.

ती बोटं तिथेच राहिली.

"काय पाहतेस, दिदी?" सर्वधनने विचारलं.

"काही नाही. तू जा. तुझी काही चूक नाही."

तिने हे कोणालाच सांगितलं नाही. ना सर्वधनला, ना तिकडून फोन करणाऱ्या नवऱ्याला. लोक म्हणतात, डोंगराने नेली. म्हणू देत. खरं काय ते दोघींनाच माहीत आहे, तिला आणि मला. पोरीला पुरून आल्यावर तिने दगडाने ठोकून ठोकून ते लोखंड माझ्या पायातून काढलं आणि ओढ्यात फेकलं. मला वाटलं, आता मला चुलीत घालेल. मी तयार होते. वाळलेला गुरांस छान जळतो. पण तिने मला चुलीत घातलं नाही. तेवढी दया तिने माझ्यावर केली नाही, आणि स्वतःवरही नाही.

पुढच्या वर्षी गुडघा बांधून ती पुन्हा वाटेला लागली. पोट कोणाला सोडतं? पहिल्या बर्फात चौतारीवर माणसं थांबली. हळूच कोणीतरी विचारलं, "दिदी, काठी काय म्हणते?"

तिने मला रोवलं. बर्फ वीतभरही नव्हता. खाच त्याच्या कितीतरी वर, कोरडी. आता माझं माप पूर्वीचं होतं, दोन वीत, बरोबर. वाट सुरक्षित होती. मी खरं बोलत होते.

जसमतीने खाचेवरून अंगठा फिरवला. मग मला उपसलं आणि पाठ फिरवली. "मी माघारी जाते."

"अगं, पण खाच तर उघडी आहे."

"उघडीच असते," ती म्हणाली.

ती एकटी उतरली. बाकीचे पलीकडे गेले आणि चौथ्या दिवशी सगळे सुखरूप परतले. त्यानंतरही ती दोनदा अर्ध्यावरून वळली. मग कोणी तिच्या पाठीवर ओझं द्यायचं बंद केलं.

आता मी गोठ्याच्या दाराला आडवी असते, आगळ म्हणून. म्हैस पाठ घासते. वर्षातून एकदा, अंगणात पहिला बर्फ दिसला की जसमती मला काढते, मधोमध उभी रोवते आणि समोर उकिडवी बसते. अंगणात बर्फ असतो चार बोटं. ती पाहत राहते. मग मला पुन्हा दाराला लावते. चार वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

मला क्षमा नको. ज्यांच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल त्यांना एवढंच सांगते. पोरीला वाकावं लागू नये म्हणून काठी लांब करा, खुशाल करा. पण त्याच दिवशी, लोहाराच्या दारातून हलायच्या आत, खुकुरी काढा आणि जुनी खाच तासून टाका. नवी पाडा, टोकापासून मोजून. आम्हाला नाही मोजता येत. आमच्यावर जे कोरलं तेच आम्ही सांगत राहतो, ते खोटं झालं तरी, आणि पुन्हा खरं झालं तरी.