शिंप्याच्या घरातला कॉम्प्युटर

“हा उघडून दाखवता का जरा?” रूपश्रीनं विचारलं.

शोरूममधला टायवाला माणूस असा दचकला, जणू तिनं त्यालाच सदरा काढायला सांगितलं होतं. मागं सील आहे, ते तुटलं की गॅरंटी गेली, असं त्यानं हसतमुखानं सांगितलं.

“मग आत काय घातलंय ते कळायचं कसं?”

“कंपनीचा आहे, मॅडम.”

“ते खरं. पण गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का आत? नंतर घालायचं म्हटलं तर जागा तरी आहे का?”

माणूस आत विचारायला गेला तो गेलाच. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना, नरसिंहरावांना, मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं ब्रिगेड रोडवरचं थंडगार दुकान, आणि आपली मुलगी मंडईत वांगं पारखावं तशी त्या खोक्यावरून बोटं फिरवतेय! त्यांना स्वतःला तो कॉम्प्युटर बघताक्षणीच पसंत पडला होता. किंमत वर चिकटवलेली, सोबत छापील पुस्तक, सांगितल्या दिवशी घरपोच. बिघडला तर कंपनी बघून घेईल. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत उभं राहायला नको.

आता नरसिंहराव स्वतः नगरथपेटेतले शिंपी. कोट, सफारी, लग्नाचे सूट शिवण्यात घराण्याच्या पिढ्या बंगळुरात गेलेल्या. रेडीमेडनं निम्मं गिऱ्हाईक पळवल्यापासून गल्लीतले बाकीचे शिंपी रेडीमेडच्या नावानं बोटं मोडत. नरसिंहराव मात्र धंद्यातले होते म्हणूनच शिवून घेण्याला भीत. शुक्रवारी देतो म्हटलेला कोट मंगळवारी कच्च्या टाक्यांत का लोंबतो, हे त्यांना दुसऱ्यानं सांगायला नको होतं. ‘नाळे बन्नी’, उद्या या, हे कानडी शब्द त्यांनी उभ्या जन्मात इतक्यांदा उच्चारले होते, की शकुंतलाबाईंनी रेशन आणायला सांगितलं तरी तेच तोंडातून निघायचे.

त्याहून वाईट ते ट्रायल. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, की इतकी वर्षं काम करूनही त्यांच्या तळव्यांना घाम सुटे. खांद्याला जरा झोळ दिसला की जीभ आपोआप चालू लागे, “कापडच तसं आहे, सार. एका धुण्यात बसेल.” चूक कबूल केली की धंदा बसला, हे वडिलांनी शिकवलेलं. गिऱ्हाईक मान डोलावून जाई, आणि तो झोळ मात्र नरसिंहरावांच्या डोळ्यांसमोरून जात नसे. म्हणून मुलगी झाली तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं, हिनं काहीही करावं, पण हातानं काही बनवून ते चुकलं का म्हणून धास्तावत जगू नये.

ती मुलगी आता इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिला नाद होता कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळण्याचा. कॉलेज सुटलं की बळेपेटेतल्या एका तळघरात जाऊन ती तासावर भाडं देऊन खेळायची. हे चार तोंडांतून फिरून शकुंतलाबाईंच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. आपल्या चिटफंडाचे पैसे पुढे ठेवले आणि म्हणाल्या, “खेळायचंय तर घरात खेळ, बाई. आम्हालाही दिसू दे, काय असतं ते.”

त्या रविवारी शोरूममधून घरी आल्यावर जेवताना विषय पुन्हा निघालाच. शकुंतलाबाईंचा भाऊ पवनकुमार जेवायला होता. तो इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल या घरात शेवटचा शब्द त्याचा.

“भाऊजी, डोळे झाकून कंपनीचा घ्या,” तो म्हणाला. “एस. पी. रोडवरच्या सुट्या सामानाच्या दुकानांत काय, एक तुकडा ह्याचा, एक त्याचा. जोडून देतात. चालला तर चालला.”

“मी दुसरं काय म्हणतोय?”

“मामा, तेवढ्याच पैशात तिथं गेमचं कार्ड पण येतं,” रूपश्री म्हणाली. “आणि जोडून कुणाला घ्यायचाय? मीच जोडणार.”

नरसिंहरावांचा घास हातातच राहिला. “तू?”

“हूं.”

“आणि नाही चालला तर?”

“नाही चालला तर बघू की, अप्पा.”

बघू की! पोरीला काही कल्पनाच नव्हती. नरसिंहरावांना दिसत होतं, सगळं जोडून झालंय, ही बटण दाबतेय, काही होत नाहीये, आणि हिचा चेहरा उतरतोय. तो चेहरा बघणं त्यांच्यानं होणार नव्हतं. गिऱ्हाइकाचा बघवत नव्हता, पोटच्या पोरीचा कुठून बघवणार?

“इस्क्रू पिळायला शिकवलं का तुला?” ते उगाचच चढ्या आवाजात म्हणाले. “आयता आणायचा, चालवायचा. सुखानं राहायचं.”

शकुंतलाबाई ताक वाढत होत्या. “अहो, शिंप्याच्या घरात तुम्ही रेडीमेड आणणार? गल्लीत कळलं तर लोक म्हणतील, नरसिंहअण्णांनाच शिवलेलं नको झालं!”

बाईंनी नुसतं चिडवलं होतं, पण ते नेमकं वर्मी बसलं. पवनकुमार ताकाच्या पेल्यात तोंड घालून हसला. नरसिंहरावांनी भातावर ताक ओतून घेतलं.

“सरी, बरं,” ते शेवटी म्हणाले. “जोड. पण उद्या रडायचं नाही.”

पुढच्या रविवारी घराखालचं दुकान बंद होतं. कापड बेतायचं मोठं टेबल हीच घरातली सगळ्यात ऐसपैस जागा, म्हणून रूपश्रीनं तेच मागितलं. इस्त्रीची घोंगडी तिनं काढायला लावली. लोकरीतून वीज येते म्हणे, सामान जळेल. नरसिंहरावांनी खडू, टाचण्या, कात्री सगळं उचललं, आणि एस. पी. रोडहून आणलेली खोकी एकेक करून उघडली गेली. हिरव्या पत्र्यासारखे ते तुकडे त्यांनी वाकून बघितले. यातून कॉम्प्युटर होणार?

रूपश्री मात्र रमली होती. मदरबोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, तारा जोडल्या. मध्येच ओठ मुडपायची, मध्येच गुणगुणायची. ते स्टुलावर बसून बघत होते. तिची बोटं आपल्यासारखीच आहेत हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं, आणि बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली. शेवटी तिनं गेमचं कार्ड बसवलं, मागचा स्क्रू घट्ट पिळला, आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. आतून काहीतरी पीं पीं करून ओरडलं. पडदा काळाच्या काळा.

नरसिंहरावांच्या तळव्यांना घाम फुटला. ते उठून उभेच राहिले. “सामानच तसं आहे!” ते घाईघाईनं म्हणाले. “दुकानदारानं फसवलं तुला. मी आत्ता जातो त्याच्या घरी—”

“बसा हो अप्पा. सामान चांगलं आहे. माझंच काहीतरी चुकलंय.”

आणि ती हसली! नरसिंहरावांनी पुन्हा निरखून बघितलं, की हे हसू उसनं तर नाही? नव्हतं. तिनं बटण बंद केलं, वायर काढली, आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “आई, उप्पीट झालं का गं? भूक लागली.”

शकुंतलाबाई उप्पीट घेऊन खाली आल्या. पोरगी त्या बंद पडलेल्या यंत्रासमोर ताटली घेऊन बसली, खाता खाता आत वाकून बघत. नरसिंहरावांनी आपली ताटली तशीच बाजूला ठेवली.

“रूपा, तुला भीती नाही वाटत?”

“कसली?”

“चुकलं त्याची.”

“चुकलंय तर सापडेल की. उघडंच आहे सगळं.” तिनं हात धुतले. “स्वल्प थांबा. हे असं ओरडतं ना, ते गेमच्या कार्डासाठी ओरडतं. हे बघा! स्क्रू पिळताना मी ह्या टोकाला ओढलं, ते त्या टोकाला वर आलं.”

तिनं स्क्रू सैल केला, कार्ड काढलं, अंगठ्यांनी दाबून नीट बसवलं. पुन्हा बटण दाबलं. या वेळी एकच बारीक आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा धावू लागली.

“आला!” शकुंतलाबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत टेबलावर तांबडी मोटार धावायला लागली. पवनकुमारही आला आणि आपणच हे सुचवलं होतं अशा थाटात सूचना देऊ लागला. शकुंतलाबाईंनी तीनदा गाडी दरीत घातली आणि चौथ्यांदा घालायला पुन्हा बसल्या. नरसिंहराव मागं उभे होते. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं हलकं वाटत होतं त्यांना. पण खरं सांगायचं तर तो धोंडा पडद्यावर अक्षरं आली तेव्हा उतरला नव्हता. पोरीनं काळ्या पडद्यासमोर उप्पीट मागितलं, तेव्हाच तो हलला होता. हिला भीती नाही. आपली भीती हिच्यात उतरलीच नाही. कुठल्या देवाला नारळ फोडावा हे त्यांना कळेना.

मंगळवारी विश्वेश्वर ट्रायलला आले. पोस्टातून निवृत्त झालेले, नातवाच्या मुंजीसाठी कोट शिवायला टाकला होता. आरशासमोर उभे राहून त्यांनी हात वर केला, आणि बगलेपासून खांद्यापर्यंत ठळक सुरकुती पडली.

“इथं जरा ओढतंय का, राव?” विश्वेश्वरांनी भीत भीतच विचारलं.

“कापडच...” नरसिंहरावांनी सुरुवात केली आणि ते थांबले. जवळ गेले. सुरकुतीवरून अंगठा फिरवला.

“ओढतंय,” ते म्हणाले. “माझ्याकडून चुकलं, सार. बाही जरा फिरून लागलीय.”

विश्वेश्वर आरशातून त्यांच्याकडे बघतच राहिले. एका धुण्यात बसेल, हे ऐकायची तयारी करून आलेला माणूस तो. “मग... उद्या येऊ का?”

“कशाला? काढा इथंच. बसा निवांत, कॉफी मागवतो.”

कोट टेबलावर आला. नरसिंहरावांनी तो उलटा केला, दिव्याखाली धरला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बाहीचा पहिला टाका उसवला. तळवे कोरडे होते. विश्वेश्वर खुर्ची पुढं ओढून वाकून बघायला लागले, तेव्हा नरसिंहरावांनी कोट जरासा त्यांच्याकडे सरकवला, त्यांनाही नीट दिसावं म्हणून.