अक्काचं तिकीट

काचताईनं आयुष्यातली पहिली सुट्टी मागितली ती नवऱ्याशी भांडून, आणि मिळवली तीही भांडूनच.

दोघांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, बाजूला डोळे तपासायची अंधारी खोली आणि मागे पडद्याआड काचा घासायचं मशीन. पुढची बाजू नवऱ्याची. तो डॉक्टर नव्हता, पण सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची आणि त्यानं कधी कुणाची चूक दुरुस्त केली नव्हती. मागची बाजू हिची. 'काचताई' हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलं, मग घरच्यांनीही तेच उचललं.

गिऱ्हाइकाशी बोलताना डॉक्टरच्या जिभेवर साखर असायची. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठवर आलं, सगळी चौकशी. म्हाताऱ्यांना तर तो हात धरून पायरी उतरवून द्यायचा. संध्याकाळी शटर खाली ओढलं, की मात्र त्याच्या तोंडालाही कुलूप लागायचं. घरी ताटावर बसल्यावर "मीठ" एवढा एक शब्द, तोही रोज नाही. मुलगी घरात होती तोवर हे जाणवलं नाही, कारण ती एकटीच तिघांच्या वाट्याचं बोलायची. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घरघर दिवाणखान्यात ऐकू यायला लागली.

अशात एक म्हातारा जाडजूड चष्मा बदलायला दुकानात आला. जन्मभर मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. काचा तयार होईपर्यंत तो पडद्याजवळच्या स्टुलावर बसून कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाबद्दल बोलत राहिला. जहाज नादुरुस्त झालं म्हणून तो तिथे महिनाभर अडकला होता. एक रस्ता, एक पावाची भट्टी, पुढच्या ओसरीवर खुर्च्या टाकलेली लाकडी घरं. दुपारी कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, म्हणाला. बघायला काय आहे, असं काचताईनं विचारलं तेव्हा तो हसला. "काहीच नाही हो ताई. म्हणून तर आठवतं."

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात ते बेट घुसलं. मशीनची घरघर, घासलेल्या काचेचा पांढरा चिखल, नखांत अडकलेली भुकटी, या सगळ्यापासून दूर एका खुर्चीत नुसतं बसायचं. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. या वेळी मात्र ती हटून बसली. आठवडाभर तिनं मागच्या बाजूला मशीनच चालू केलं नाही. पुढे गिऱ्हाइकं खोळंबली, डॉक्टरची साखर संपत आली, आणि शेवटी पडदा बाजूला सारून तो म्हणाला, "काढ तिकिटं. पण माझं डोकं खाऊ नकोस."

तिनं ओसरीचं एक लहानसं घर ठरवलं. पोहायचा पोशाख घेतला, आरशासमोर घातला, लाजली, आणि तसाच पिशवीत ठेवून दिला. पुढचे काही दिवस ती मशीनवर गुणगुणत होती.

आणि मग रविवारी दुपारी अक्का आली.

अक्का ही डॉक्टरची थोरली बहीण. मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी. नर्सांना धाकात ठेवून ठेवून तिची नजर अशी झाली होती, की समोरच्याला आपली चादर मळली आहे असं वाटावं. ती आत आली, रुंद काठाची नवी टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "त्या घरात तिसरी खाट आहे ना, की मी गादी आणू?"

काचताईला आधी कळेचना. "कुठल्या घरात, वन्सं?"

"बेटावरच्या. हे बघ, माझं तिकीट काढून झालंय. खिडकीजवळची जागा मला नको, मला मध्ये बसव."

काचताईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्म्याची काच पुसत होता. काच स्वच्छ होती, तरी पुसत होता.

"अहो, हे काय आहे?"

"येऊ दे ना," तो काचेकडे बघतच म्हणाला. "तीही कधी कुठे गेली नाहीये."

"मग त्यांना जिथे जायचं तिथे त्यांनी जावं! माझ्याच मानगुटीवर कशाला?"

"मानगुटीवर?" अक्काचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. त्या आवाजाला अख्खा वॉर्ड घाबरायचा. "या घरात तू आलीस तेव्हा तुला तापमापी झटकता येत नव्हती. तुझं बाळंतपण मी काढलं. आणि आता मी मानगुटीवर?"

"काढलंत, आणि तेव्हापासून रोज वसूल करताय!"

हे बोलणं तोंडातून गेलं आणि परत घेता आलं नाही. अक्कानं टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि दारातून म्हणाली, "सकाळी सहाला उठायचं तिथे. लोळत पडायला मी येत नाहीये."

डॉक्टर तेवढ्यात अंघोळीला निघून गेला. रविवारी दुपारी. दुसऱ्यांदा.

पुढचे दिवस दोघींनी एकमेकींचं रक्त आटवण्यात घालवले. अक्का रोज दुकानात यायची आणि काउंटरवर बेत मांडायची. सकाळी चालणं, मग पोहणं, म्हणजे तुम्ही पोहा मी कपडे सांभाळते, मग बेटाला पूर्ण चक्कर. काचताई पडद्याआडून ऐकवायची, की तिथे जायचं विमान मिनीबसएवढं असतं आणि वाऱ्यात पतंगासारखं हलतं. अक्का म्हणायची, "मी फाटलेली पोटं शिवताना बघितलीयत, विमानाचं काय सांगतेस." काचताई म्हणायची, तिथे संध्याकाळी डास तुटून पडतात. अक्का म्हणायची, "तुला सहन केलं, डास काय चीज आहेत." डॉक्टर मधे उभा राहून गिऱ्हाइकाला विचारत असायचा, "आता कसं दिसतंय? हे बरं, की हे?"

अशातच अक्कानं उन्हाचा चष्मा करायला टाकला. काळ्या काचा, तिच्या नंबराच्या. तिच्या नंबरात थोडा तिरपा नंबर होता. अशी काच घासायच्या आधी तिच्यावर शाईची खूण करतात आणि त्या खुणेवरच ती मशीनला लावतात. खूण जरा सरकली, की काच दिसायला तीच, बसतेही नीट, पण घालणाऱ्याला जमीन कलती दिसते आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं.

काचताईनं खूण केली. मग बोटानं पुसली. आणि शेजारी, जराशी तिरकी, दुसरी केली. मशीन तिनं नेहमीसारखंच सुरू केलं, आणि याचंच तिला नंतर जास्त वाईट वाटलं.

अक्का चष्मा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. डॉक्टर मालाच्या पार्सलासाठी बाहेर गेला होता. अक्का थेट पडदा सारून आत आली. तिच्या कोपराला पट्टी होती. तिनं चष्मा मशीनशेजारी ठेवला.

"काल बाजाराच्या पायऱ्यांवरून घसरले."

काचताईनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. "नवीन नंबर अंगवळणी पडायला वेळ लागतो, वन्सं."

"नंबर जुनाच आहे." अक्का तिच्यासमोर उभी राहिली. "इतक्या वर्षांत तुझा हात एकदाही चुकलेला मी बघितला नाही. माझ्याच वेळेला बरा चुकला?"

काचताई फडक्यानं मशीनवरची भुकटी पुसायला लागली.

"मुद्दाम केलंस."

"हो," काचताई म्हणाली. "केलं. माझ्या जन्मात एकदा मी कुठे जाणार होते. एकदा! तेही तुम्हाला बघवलं नाही."

अक्का स्टुलावर बसली. तिला बसलेलं बघायची कुणाला सवयच नव्हती. ती कायम उभी असायची.

"मला यायचंच नव्हतं, मूर्ख बाई," ती म्हणाली. "समुद्र म्हटलं की मला मळमळतं. पाण्यातून काढलेली माणसं आणायचे आमच्याकडे, फुगलेली. आजतागायत मी घोट्यापलीकडे पाण्यात उतरलेली नाही. मला कसलं बेट आणि कसलं काय!"

"मग कशाला..."

"तुझा नवरा आला होता. माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि हात जोडले त्यानं. म्हणाला, अक्का, तू चल. मी विचारलं, का रे? तर म्हणतो, इतके दिवस, तिथे काहीच नाही, दुकान नाही, गिऱ्हाईक नाही... मी तिच्याशी काय बोलू?"

काचताईनं मशीनच्या कडेला हात टेकला.

"मला वाटलं होतं तुला कळेल आपोआप," अक्का उठत म्हणाली. "पण तू पडलीस माझ्याच मागे. हा चष्मा नीट करून पाठव. आणि हे विसरणार नाही मी. मी म्हातारी आहे, पण हाडं माझी आहेत."

"विसरू नका," काचताई म्हणाली. माफी मागावी असं तिला वाटलं होतं, पण तोंड उघडल्यावर निघालं ते हेच.

संध्याकाळी शटर ओढल्यावर डॉक्टर तपासणीच्या खोलीतला दिवा बंद करायला गेला, तर काचताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला.

"इथे कुणी बसलं की बोलता ना तुम्ही? बोला."

तो दारातच थांबला. "अक्का काय म्हणाली?"

"तुम्ही अक्काला काय म्हणालात ते सांगा."

तो लेन्सच्या पेटीच्या झाकणाची उघडझाप करत राहिला. मग त्याच्या तोंडून एकदम निघालं, "गिऱ्हाईक आलं की मला कळतं काय विचारायचं. तू समोर आलीस की... सगळं बोलून झालंय असं वाटतं. मशीनचं पाणी, मुलीचा फोन, दूधवाला. पुढे काय?"

"आणि मला विचारायचं सुचलं नाही?"

"काय विचारणार?"

"काहीही! कशी आहेस, एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं! परक्या बायकांच्या गुडघ्यांची चौकशी करता, आणि मला पाठदुखीनं वाकता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे का?"

"पाठ दुखते तुझी?"

ती उठली. तिचा राग असा उसळला, की तो तक्ता भिंतीवरून ओढून काढावा असं तिला वाटलं. पण ती शांतपणे बोलली, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

"तुम्ही येऊ नका."

"अगं..."

"अक्काही नको, तुम्हीही नको. मी एकटी जाते. आता खरं सांगा, यायचंय तुम्हाला?"

डॉक्टरचे वर चढलेले खांदे हळूच खाली आले, जसे दात काढायचं टळल्यावर माणसाचे येतात. तिनं ते पाहिलं. सगळ्या भांडणात तिच्या काळजाला घरं पडली ती तेवढ्यानं.

दुसऱ्या दिवशी तिनं तिकिटाच्या ऑफिसात जाऊन दोन तिकिटं रद्द केली. तिथली मुलगी नखं रंगवत होती. "मॅडम, एकट्या? तिथे तर काहीच नाही, बोअर व्हाल," म्हणाली.

"तू तुझी नखं बघ," काचताई म्हणाली.

परत आल्यावर तिनं अक्काच्या काचा नव्यानं घासल्या. खूण दोनदा तपासली. चष्मा घेऊन ती स्वतः गेली. अक्कानं दारातच तो घातला, पायऱ्या उतरून पाहिल्या, चढून पाहिल्या, आणि "बरं आहे" म्हणून दार लावून घेतलं. आत बोलावलं नाही. काचताईलाही आत जायचं नव्हतं.

विमानतळावर डॉक्टर सोडायला आला. वाटेत एकदा "पाठीला काही लावलंस का?" असं त्यानं विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

बेटावर खरोखरच एक रस्ता होता आणि भट्टीवर दुपारपर्यंत पाव संपायचा. पहिले दोन दिवस काचताई नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी पोशाख घालून ती पाण्यात कमरेपर्यंत उतरली, आणि किनाऱ्यावर बघायला कुणी नाही म्हणून मोठ्यानं नवऱ्याला शिव्या दिल्या. पोट भरेस्तोवर दिल्या. मग तिला भूक लागली. घरमालकीण जाड आणि अबोल होती. ती न विचारता ओसरीवर फळं ठेवून जायची. एवढी सोबत काचताईला पुरली.

आठवड्याच्या शेवटी डॉक्टरचा फोन आला. मशीन बिघडलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं. तो उगाचच आधी हवेबद्दल बोलला. मग अक्काचं कोपर बरं आहे म्हणाला. मग अडखळत म्हणाला, "तू कशी आहेस?"

काचताईचा राग गेला नव्हता. तो विमानात बसून तिच्याबरोबर आला होता आणि तिच्याबरोबर परतही जाणार होता. पण आता तिला त्याचं काय करायचं ते कळलं होतं.

"ऐका," ती म्हणाली. "परत आल्यावर मी पुढे काउंटरवर बसणार आहे. मागे तुम्ही. काचा घासायला मी शिकवीन."

"गिऱ्हाइकं घाबरतील तुला," तो म्हणाला.

"घाबरू देत," काचताई म्हणाली, आणि भट्टीवरचा पाव संपायच्या आत चपला घालून निघाली.