वरची दोन पिसं

कात्रीने रेशीम चावलं. कोटाच्या अस्तराचं राखाडी रेशीम टेबलावर पसरलेलं होतं, खडूची रेघ स्वच्छ होती, हातही रोजचाच होता. तरी पात्यांच्या मध्ये कापड दुमडलं आणि कडेचे तीन-चार धागे ओढले गेले. टेलरबाई हात तसाच धरून उभी राहिली.

या घरात नियम फारसे नव्हते. चपला कुठेही काढा, वर्तमानपत्र कुठेही टाका, पण तिच्या कापडाच्या कात्रीला हात लावायचा नाही. तिने कागद कापायचा नाही, दोरी कापायची नाही, दुधाची पिशवी तर नाहीच नाही. मुलगी लहान असताना एकदा त्या कात्रीने चित्रं कापत बसली होती, तेव्हा बाईने घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती.

तिने कात्री खिडकीशी नेली, पाती उघडली आणि अंगठ्याने धार चाचपली. टोकापासून दोन बोटांवर बारीकशी खळी पडली होती. कापडाने अशी खळी पडत नाही. काहीतरी टणक कापलं गेलं होतं. स्क्रूच्या फटीत हिरवी लव अडकलेली दिसली. या महिन्यात तिच्याकडे हिरवं कापड आलंच नव्हतं. तिने सुईच्या टोकाने ती लव काढून तळहातावर घेतली, आणि मग हळूच मान वळवून शिलाई मशीनकडे पाहिलं.

मशीनच्या चाकावर मुकादम बसला होता. मुकादम म्हणजे तिचा पोपट. दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करायची, काम थांबलं की ओरडायचं आणि स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, म्हणून हे नाव.

"हात चालवा!" तो ओरडला.

"थांब रे जरा," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याचा पंख धरून उघडून पाहिला.

तो फडफडला नाही, चावला नाही. सवय असल्यासारखा पंख सैल सोडून तो मान वळवून भिंतीकडे पाहत राहिला. बाहेरच्या कडेची दोन पिसं अख्खी होती, लांब आणि सुरेख. त्यांच्या आतली सहा अर्ध्यात कापलेली होती.

कापावरून हात ओळखणं हा तिचा धंदाच होता. उजव्या हाताची कात्री डाव्या हाताने चालवली, की पाती फाकतात आणि वस्तू कापली जाण्याआधी चेंगरते. पिसांचे देठ चेंगरलेले होते. घरात डावखुरा माणूस एकच होता.

तिने पंख मिटला. मिटल्यावर तो अगदी अख्खा दिसू लागला.

गल्लीत टेलरबाईची शिलाई जेवढी प्रसिद्ध होती, तेवढीच मुकादमाची गोष्ट. नऊ वर्षांपूर्वी मुलगी शिकायला परगावी गेली. त्याच आठवड्यात वाऱ्याने एक पिल्लू खिडकीत येऊन पडलं. बाईने त्याला भिजवलेली डाळ भरवून वाढवलं, उडायला लागलं तशी खिडकी उघडी ठेवली. एके दिवशी ते गेलं. आणि पाचव्या दिवशी आपणहून परत आलं! ही गोष्ट तिने टाचण्या ओठांत धरून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली होती. "आमच्याकडे पिंजरा नाही हो. त्याला जायचं असेल तर जावं. राहतो तो त्याच्या मर्जीने." उडताना कोणी त्याला पाहिलं नव्हतं, पण त्याचंही उत्तर तयार होतं: लाडावलाय, खांद्यावरून फिरायला मिळतं तर उडेल कशाला? समोरच्या घरातला कुत्रा दिवसभर साखळीला असे. त्याच्या मालकिणीला बाईने एकदा तोंडावर सुनावलं होतं, की साखळी लावून केलेलं प्रेम काय कामाचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, फक्त आपण स्वतः कोरडे पाषाण आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी नवरा जेवायला आला. औषधाच्या दुकानात तो काउंटरवर असे. माणूस शांत, आवाज कधी चढायचा नाही. तो पाणी प्यायला आणि ताटावर बसला, पण तिने वाढलं नाही.

"माझ्या कात्रीने काय कापलंत?"

"मी? कुठे काय..."

तिने ती हिरवी लव त्याच्या ताटात ठेवली.

"माझी छोटी कात्री मोडली," तो ताटाकडे पाहत म्हणाला. "शनिवारी तू अस्तर आणायला गेली होतीस. पाच मिनिटांचं काम. तुला कळेल असं वाटलं नाही."

"म्हणजे मी कापड आणायला गेले की तुम्ही दर वेळी..."

"दर वेळी नाही गं. जुनी पिसं झडून नवी आली की. वर्षातून एकदा, फार तर दोनदा."

"बाहेरची दोन का ठेवलीत?"

"पंख मिटला की वरून तीच दिसतात. बाकीची झाकली जातात." कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती जेवणानंतर, हे गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात त्याने ते सांगितलं.

ती खुर्चीचा आधार घेऊन खाली बसली. तरी तिच्या हातात अजून एक गोष्ट शिल्लक होती. "पण तो परत आला होता," ती म्हणाली. "तेव्हा तर त्याचे पंख धड होते. तेव्हा तो आपणहून आला होता ना?"

नवऱ्याने चष्मा काढला आणि तो सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"तू चार दिवस जेवली नव्हतीस. पोरगी गेलेली, त्यात तो गेला. खिडकीतून उठत नव्हतीस. मला काही सुचेना." चष्मा स्वच्छ होऊनही तो पुसतच होता. "पाचव्या दिवशी मी बाजारात गेलो. पक्षीवाल्याकडे तेवढाच एक होता. त्याच्याकडूनच पिसं कापून घेतली. आणून खिडकीत ठेवला आणि तुला हाक मारली."

"म्हणजे हा तो नाही?"

"नाही."

"हात चालवा," बाहेरच्या खोलीतून मुकादम म्हणाला.

"तुझ्यासाठीच केलं गं मी," नवरा म्हणाला. "दुसरं काय कारण असणार?"

ती उठली आणि तिने त्याला वाढलं. आमटी वाढली, भात वाढला, मीठ विसरली नाही. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. दगा झाला होता. नऊ वर्षं, रोज, तिच्याच घरात, तिच्याच माणसाने केलेला. परका असता तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. आपल्याच माणसाने आपल्याच भल्यासाठी गळा कापला, तर ओरडायचं कोणाच्या नावाने?

तिने मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. मुलगी मध्ये एकदाही "काय सांगतेस!" म्हणाली नाही, तेव्हाच तिला शंका आली.

"तुला ठाऊक होतं?"

"आई, मी पहिल्या सुट्टीत आले तेव्हाच ओळखलं. तू पाठवलेल्या फोटोतल्या त्या पिल्लाच्या एका बोटाला नखच नव्हतं. याची सगळी आहेत."

"आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुलाही माहीत आहे. दोन ताग्यांमधला एकच काळा रंग तुला वेगळा दिसतो. तुझ्या नजरेतून काही सुटतं का कधी? मला वाटलं, तुला तसंच हवंय."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या पोपटाचे पाय पाहत बसली. त्या पिल्लाच्या बोटाला तिनेच महिनाभर मलम लावलं होतं. सहा आठवडे जपलेलं बोट ती पाचव्या दिवशी विसरली होती? की त्या सकाळी, खिडकीत हिरवं काही दिसल्याबरोबर, तिने खाली पायांकडे पाहायचंच नाही असं ठरवलं होतं? तिला खरंच आठवेना. आठवेना, याचीच तिला भीती वाटली. आणि हा बिचारा कुठल्या कोण झाडावरून धरून आणलेला, दुसऱ्याच्या जागी उभा केलेला, आपल्या प्रेमाची साक्ष द्यायला नऊ वर्षं पंख कापून घेत आलेला. आपल्याला दगा दिला असं आपण म्हणतोय. मग याने काय म्हणावं?

रात्रीच्या जेवणाला तिने एवढंच सांगितलं, "यापुढे कापायचे नाहीत."

"जाईल तो."

"जाऊ दे."

"अगं, दाणा कसा शोधायचा हे त्याला माहीत नाही. मांजर काय, कावळा काय, ओळखत नाही तो. एका दिवसात फाडतील त्याला. हे कोणतं पुण्य?"

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पण दुसऱ्या दिवसापासून कापड आणायला जाताना तिने मुकादमाला मुलीच्या जुन्या खोलीत ठेवलं आणि किल्ली बरोबर नेली. नवऱ्याने ते पाहिलं.

सात महिने लागले. जुने चेंगरलेले देठ एकेक करून गळले, त्यांच्या जागी निळसर वेष्टणात गुंडाळलेली नवी पिसं आली. सहावं पीस टोकाशी किंचित वाकडं आलं. गिऱ्हाइकं पोपटाची चौकशी करत तेव्हा ती "माप घेते, हात वर करा" म्हणायची. मुकादम भिंतीवरच्या खुंटीपर्यंत उडू लागला, मग पडद्याच्या दांडीपर्यंत. पहिल्या दिवशी तो कपाटावर आपटला आणि नंतर बराच वेळ स्वतःच घाबरून बसला होता. तिला हसू आलं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

एका मंगळवारी सकाळी ती बटणं लावत होती. मुकादम दांडीवरून खिडकीत गेला, खिडकीतून समोरच्या छपरावर, आणि मग दिसेनासा झाला. तिने अंगठ्यात सुई खुपसून घेतली, पण हाक मारली नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली, उघडली, आतला डबा बाहेर काढला, वर्तमानपत्र झटकलं. खाली एक सफरचंद होतं.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

तो आत जाऊन हातपाय धुऊ लागला. सफरचंद त्याने तिच्यासाठी आणलं असणार, पण पिशवीतून दुसरा पोपट निघाला नाही हे बरं, असं तिला वाटलं.

बुधवारी ती जेवली. मुद्दाम, त्याच्यासमोर बसून, दोन्ही वेळा पोटभर जेवली.

गुरुवारी दुपारी ती आत ताटं घेत असताना नवऱ्याने बाहेरून हाक मारली. आवाज कापरा होता. "अगं... इकडे ये."

खिडकीत एक पोपट बसला होता. शेपटीची दोन पिसं नव्हती, डोळ्याच्या वर रक्त सुकलेलं होतं, अंग धुळीने माखलं होतं. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"मी नाही," तो म्हणाला. दोन्ही हात त्याने वर केले होते. "तुझ्या गळ्याशपथ, या वेळी मी नाही. मी नुसता पाणी घ्यायला उठलो तर..."

पोपट खिडकीच्या कडेकडेने तिच्या दिशेने चालत यायला लागला. एक पाय ओढत होता. तिच्या खांद्याला टेकेल इतका तो जवळ आला, आणि तिने त्याला मुठीत पकडलं, उजेडाकडे धरलं, आणि नकली रेशीम तपासावं तसा पंख ताणून उघडला.

पिसं सगळी होती. सहावं टोकाशी वाकडं होतं.

आणि मग तो चावला. नऊ वर्षांत कधी चावला नव्हता तो, तिच्या तर्जनीत चोच खोल रुतवून चावला. ती ओरडली, मूठ सुटली. तो फडफडत उडाला, कपाटाच्या माथ्यावर जाऊन भिंतीला पाठ लावून बसला. दोन दिवस उपाशी, मार खात, वाट शोधत जो आपणहून घरी आला होता, त्याची तिने दारातच झडती घेतली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते बोटाच्या कळेचं नव्हतं.

नवऱ्याने कापूस आणि औषध आणलं. डाव्या हाताने, हलकेच, तिच्या बोटावरचं रक्त टिपलं.

"तोच आहे?" त्याने विचारलं.

"तोच आहे."

"मी म्हटलं ना मी नाही."

डाळीची वाटी तिने कपाटाखाली ठेवली, मागे सरकली, आणि नेहमीसारखा खांदा पुढे केला.

"ये," ती म्हणाली. "ये रे राजा."

तो वरून दोघांकडे पाहत राहिला. आला नाही.