बाबांचा उजवा हात

"बाबा, तुमच्या पाठीवर वळ आहेत का?"

हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला असला तरी माझा नव्हता. तो हेस्टर आणि लेटीचा. शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून आम्ही सफरचंदं खात होतो, तेव्हा लेटी म्हणाली, "टॅमर, तू वर्गात बाईंनाही उलट विचारतेस. मग हे घरी विचारून दाखव की."

"ती कसली विचारतेय," हेस्टर म्हणाली. "तोंडाची वाफ नुसती."

मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं चालायचं थांबतं आणि पाय चालू लागतात. तशीच तडक घरी आले आणि दारातच विचारून टाकलं.

त्या प्रश्नाला एक शेपूट होतं. शनिवारच्या वर्तमानपत्रात कुणा अमेरिकन कापूस-व्यापाऱ्याने लिहिलं होतं की न्यूकॅसलमध्ये गुलामगिरीविरुद्ध सभा घेत फिरणारा हा सायलस ग्रीनली, म्हणजे माझे बाबा, कधी गुलाम नव्हताच. तो फिलाडेल्फियाचा स्वतंत्र न्हावी आहे, भाषण पाठ करून आलाय आणि भोळ्या इंग्रजांना रडवतोय. हेस्टर म्हणाली, त्यांच्या घरी रविवारच्या जेवणात मटणापेक्षा हीच बातमी जास्त चघळली गेली.

बाबा बुटांना काळं लावत होते. एक बूट डाव्या हातात, ब्रश उजव्यात. ब्रश थांबला.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे, सांगणार नाही?"

"म्हणजे, नाहीत. माझ्या पाठीवर एकही वळ नाही."

खिडकीशी आई शिवत होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "टॅमर, हात धुऊन घे."

मी हात धुतले. मनात म्हटलं, आता शाळेत काय सांगू? मला वाटलं होतं, वळ असणारच. आमच्याकडच्या प्रत्येकाच्या पाठीवर असतात. आमचे जे जे लोक अमेरिकेतून समुद्र ओलांडून इथे बोलायला येतात, त्यांना कुणीतरी कधीतरी विचारतंच, पाठ दाखवता का म्हणून. बाबांनी ती वेळ कधी येऊ दिली नव्हती. त्यांचं बोलणंच पुरेसं व्हायचं.

सभेत मलाही काम असतं. माझ्याकडे लोखंडी कडं असतं, गुलामांच्या गळ्यात अडकवायचं. ते बाबांच्या गळ्यातलं नव्हे. तसलंच दुसरं, बॉस्टनच्या एका मित्राने दिलेलं, आणि बाबा तसं सुरुवातीलाच सांगून टाकतात. मी ते दोन्ही हातांत धरून बाकांमधून फिरते. कुणी म्हटलं तर गळ्याला लावून दाखवते. गेल्या वर्षापर्यंत मी मान खाली घालून फिरायचे. आता नाही. आता कुणी विचारलं, "मुली, हे जड असतं का गं?" तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर देते. मला ते आवडतं, उगाच नाही कशाला म्हणू.

आणि बाबांचं भाषण मला तोंडपाठ आहे. सगळ्यात जास्त तो भाग, जिथे ते तंबाखूच्या मळ्यातल्या एका बाईची गोष्ट सांगतात. तिचं तान्हं मूल बांधावर रडत होतं. ती तंबाखूची ओळ अर्धी सोडून त्याला पाजायला गेली. म्हणून तिला खांबाला बांधून चाबकाने फोडलं. इथे बाबांचा आवाज खाली येतो. ते म्हणतात, "आणि मी ते पाहिलं." तेव्हा त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात जातो. दर वेळी. मी आरशासमोर त्यांची नक्कल करते ती खिशातल्या हातासकट. आई एकदा ते बघून हसली नव्हती. मला वाटलं होतं, नक्कल जमली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या सभा भरवणाऱ्या समितीच्या मिसेस हॅडो आल्या. चांगल्या आहेत त्या. आमच्यासाठी खोल्या त्यांनीच शोधल्या, माझ्या शाळेचंही त्यांनीच बघितलं. चहाचा कप त्यांनी तीनदा उचलला आणि तीनदा न पिता ठेवला.

"मिस्टर ग्रीनली, आमचा तुमच्यावर विश्वास आहे. पण लोकांची तोंडं कशी धरणार? दोन डॉक्टर सभेच्या आधी मागच्या खोलीत फक्त एकदा बघतील. मग मी व्यासपीठावरून सांगेन आणि त्या व्यापाऱ्याचं तोंड बंद."

"बाईसाहेब, बघायला काही नाही."

"अगदी काहीच नाही?"

"मी मुकादम होतो. मुकादमाला सहसा मारत नाहीत."

मिसेस हॅडोंचा चेहरा असा झाला जणू त्यांनी खुर्ची आहे असं समजून बसायला घेतलं आणि खाली खुर्चीच नाही. मलाही हे नवीन होतं. मुकादम म्हणजे गोऱ्या देखरेखवाल्याच्या हाताखाली आमच्याच माणसांना हाकणारा आमचाच माणूस. भाषणात हे कधी येत नाही.

"मग पुढच्या सभा..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सभागृह मिळणार नाही, हे न बोलताच सगळ्यांना कळलं.

तेव्हा आई बोलली. आई सभेत बोलत नाही, पाहुण्यांसमोरही फारशी नाही.

"माझ्या पाठीवर आहेत. माझी बघा."

"डोर्कस, नको," बाबा म्हणाले.

"मग काय करू? तुझं तोंड बंद झालं तर तिकडे माझी बहीण आहे तिच्यासाठी कोण बोलणार? तो कापूसवाला?"

आईची ती बहीण, फीबीमावशी, अजून आम्ही होतो त्याच मळ्यावर आहे. मी तिला पाहिलेलं आठवत नाही, पण आमच्या घरी तिच्यासाठी रोज प्रार्थना होते, जेवणाच्याही आधी.

गुरुवारी, सभेच्या आधी, चॅपलच्या मागच्या खोलीत पाच बायका बसल्या होत्या. त्यांत हेस्टरची आईही होती. बाहेर उजेड होता तरी पडदे ओढून दिवा लावला होता. आईच्या झग्याची मागची बटणं मी काढली. मी आईची पाठ कधीच पाहिली नव्हती. आम्ही एका खोलीत झोपतो, तरी नाही. ती कायम भिंतीकडे पाठ करून कपडे बदलते, आणि मला वाटायचं, लाजते.

पाठ कशी होती ते मी लिहिणार नाही. त्या पाच जणींनी बघितली तेवढी पुरे.

एक बाई रडायला लागली. एकीने हातमोजा न काढताच बोट लावून बघितलं, जसं दुकानात कापड बघतात. आई म्हणाली, "दाबा हवं तर. रंग जात नाही." ती बाई गोरीमोरी झाली.

हेस्टरच्या आईने विचारलं, "हे कुणी केलं?"

"ज्याला करायला सांगितलं त्याने."

"कसला राक्षस असेल तो."

"राक्षस नव्हता, बाई," आई म्हणाली. "थरथरत होता."

मी बटणं लावत होते. तिसऱ्या बटणाशी माझी बोटं थांबली. तान्हं मूल, बांध, खांब. आणि खिशात जाणारा हात. आईने मान न वळवता हळूच म्हटलं, "लाव गं पोरी, थंडी वाजतेय." मी लावली. वरची दोन चुकीच्या काजात गेली.

सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. मिसेस हॅडोंनी सांगितलं की समितीच्या पाच प्रतिष्ठित स्त्रियांनी स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा पाहिला आहे आणि शंकेला जागा नाही. टाळ्या झाल्या. बाबा बोलायला उठले. मी कडं घेऊन बाकांमधून फिरत होते, आणि पहिल्यांदाच ते खरंच जड लागत होतं.

बाबा त्या बाईच्या गोष्टीपर्यंत आले. "आणि मी ते..." ते म्हणाले. हात खिशात गेला. पुढचा शब्द येईना. ते तसेच उभे राहिले. आई पहिल्या बाकावर बसली होती, पाठ टेकवून. ती त्यांच्याकडे सरळ बघत होती, रागाने नव्हे. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. एकाने टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह उभं राहिलं. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ डोळे पुसत मला म्हणाले, "केवढं कोमल हृदय तुझ्या वडिलांचं."

आम्ही घरी निघालो. हेस्टर तिच्या आईबरोबर चॅपलच्या फाटकात उभी होती. मला बघून ती हात हलवणार होती बहुतेक, पण हलवला नाही.

सकाळी ओटची लापशी समोर होती. मी चमचा ठेवला आणि म्हटलं, "ती गोष्टीतली बाई आई आहे. बांधावरचं मूल मी आहे. आणि चाबूक..."

"माझ्या हातात होता," बाबा म्हणाले.

कधीतरी ही वेळ येणार हे त्यांना माहीत असावं. ते थांबले नाहीत, अडखळले नाहीत. व्यासपीठावर बोलतात तसे नाही, तर शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलले.

"मालकाला ठाऊक होतं की ती माझी बायको आहे. म्हणूनच मला सांगितलं. नाही म्हटलं असतं तर तुला विकणार होते. गुलाम विकत नेणारा गाडीवाला अंगणात उभाच होता. मी हात आखडता घेतला. तर देखरेखवाला म्हणाला, हा फटका मोजला नाही, पुन्हा पहिल्यापासून. मी पुन्हा हलकाच मारला. पुन्हा पहिल्यापासून."

"मग मीच ओरडले," आई म्हणाली. तिने लापशीत दूध ओतलं, ढवळलं. "म्हटलं, सायलस, जोरात मार आणि संपव. पोरगी उपाशी आहे."

मला बाबांचा राग आला. मग ज्याने गाडीवाला आणून उभा केला त्याचा आला. मग पुन्हा बाबांचाच, इतकी वर्षं 'पाहिलं' म्हणत राहिले म्हणून.

"मिसेस हॅडोंचा निरोप आलाय," बाबा म्हणाले. "पुढची सभा संडरलंडला. तिथल्या बायकांनाही बघायचंय. त्यापुढे डरहॅमच्या. मी विचार केलाय. मी सभांत बोलणं थांबवतो. त्या व्यापाऱ्याने म्हटलं तसा आता खरंच न्हावी होईन."

"आणि फीबी?" आईने विचारलं.

बाबांनी लापशीचा वाडगा बाजूला सारला. "मग दाखवते," आई म्हणाली. "पाठच आहे. झिजत नाही." पण लापशी ती नुसतीच ढवळत राहिली, एक घासही खाल्ला नाही.

मी उठले. मोठ्यांदा बोलायचं नव्हतं, पण माझा आवाज एकदा सुटला की शेवटच्या बाकापर्यंतच जातो, आणि आमच्या खोलीत तर एकच बाक.

"संडरलंडला आई पाठ दाखवणार नाही. मी बटणं काढणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. बाबा, तुम्ही 'पाहिलं' म्हणायचं नाही. जे केलं ते सांगायचं, आणि कुणी करायला लावलं तेही, नाव घेऊन. लोक उठून गेले तर जातील. हेस्टर माझ्याशी बोलली नाही तर न बोलो."

"टॅमर, तुला कळतंय का लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले.

"नाही कळत. पण मी ठरवलंय. कडं टेबलावर राहील, ज्याला बघायचं तो येऊन बघेल. मी ते धरणार नाही. तुम्ही त्या वाक्यापाशी आलात की मी तुमच्या शेजारी येऊन उभी राहणार, आणि तुमचा उजवा हात धरणार. खिशात जाऊ देणार नाही."