खिडकीबाहेरचे कप

मारिसेल आणि जोएल वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या दिवशी शरयूताईंनी निळ्या फुलांचे दोन जुने कप काढून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कट्ट्यावर उपडे ठेवले. हे जोडपं फिलिपाइन्सहून मिशनच्या कामासाठी जबलपुरात आलेलं. माणसं गोड होती; पण काय खात असतील, काय नाही, कोण जाणे! सासूबाईंच्या वेळी त्याच कट्ट्यावर कामवालीचा कप असे.

"आंटीजी, हमारे कप बाहर क्यों?" जोएलने एकदा सहज विचारलं.

"वो आपके स्पेशल कप हैं," शरयूताई घाईने म्हणाल्या. "और किसी को नहीं देती."

मारिसेलचा चेहरा असा काही खुलला, की शरयूताईंच्या नवऱ्याने, गुणवंतरावांनी, तोंडासमोर पेपर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

मारिसेलला इथलं सगळं शिकायचं होतं. चपला दाराबाहेर काढायच्या, भाजीवाल्याला भैया म्हणायचं, हाताने वरण-भात कालवायचा. संध्याकाळी ती मागच्या पायरीवर बसून चहा प्यायची, अंगणातल्या नळाखाली कप विसळायची, कट्ट्यावर उपडा ठेवायची आणि विचारायची, "ठीक, आंटीजी?"

"एकदम."

वर्ष झालं तेव्हा तिने दोघांना वर चहाला बोलावलं. शेजारच्या राजश्रीबाईही आल्या. मारिसेलने बाल्कनीची खिडकी उघडली आणि बाहेर उपडे ठेवलेले तीन कोरे कप आत घेतले.

"ओमती के बाज़ार में मिले. ये अंकलजी का, ये आंटीजी का, ये दीदी का. और किसी को नहीं देंगे. आंटीजी ने सिखाया!"

मग तिने चहा ओतला. वरून, किटली कपाला लागू न देता. अगदी शरयूताई ओतायच्या तसा.

राजश्रीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं बाई शरयू, चेली झकास तयार केली की! आमच्याकडे असा कप फक्त झाडूवालीचा."

"दीदी क्या बोलीं?" मारिसेलने उत्सुकतेने विचारलं.

गुणवंतरावांनी चहा संपवला, उठून आपला कप विसळला आणि खिडकीबाहेर उपडा ठेवला. शरयूताईंनी आपला अर्धा कप तसाच खाली ठेवला.

"तुम्ही कधी बोलले काहून नाही?" घरी येताच त्या नवऱ्यावर घसरल्या.

"पेपर वाचून राहिलो होतो."

"वर्षभर?"

"वर्षभर," ते मान खाली घालून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शरयूताईंनी ते दोन्ही कप आत घेतले आणि मारिसेलला घरच्या कपात चहा दिला. तिने रिकाम्या कट्ट्याकडे पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"हमारा कप? आंटीजी, हमसे कुछ गलती हुई?"

एक थाप मारली असती की भागलं असतं. ती पुन्हा हसली असती, उद्याही पायरीवर आली असती. खरं सांगितलं तर येईलच असं नव्हतं. शरयूताई खाली, तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. तिथे त्या याआधी कधी बसल्या नव्हत्या.

"गलती मेरी है, बेटा. वो कप स्पेशल नहीं थे. जिनका जूठा हम अपने बर्तनों में नहीं मिलाते, उनके लिए रखते हैं."

मारिसेलने चहा संपवला, नळाखाली कप विसळला आणि सवयीने कट्ट्यावर उपडा ठेवला. मग तो पुन्हा उचलला, आणि कुठे ठेवावा ते न कळून हातात धरून उभी राहिली.

शरयूताईंनी हात पुढे केला. तिने कप लगेच दिला नाही.