लवूच्या हातचं पाणी

जॉनीचा हात मोडला तो आवाज मी पडवीत बसून ऐकला. विहीर कुठे, आमचं घर कुठे, तरी ऐकला. सुकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा, कड्! खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो. अजून झडली नाही, बघा.

इंडियानं वर्ल्ड कप जिंकला त्या वर्षीची गोष्ट. बोरीवलीला आमचं ख्रिस्ती लोकांचं गावठाण. मधोमध क्रूस, आणि क्रूसामागे शेताच्या कडेला विहीर. जॉनी म्हणजे माझा नवरा. त्याची बहीण मेबल, तिचं लग्न रविवारी. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, फटाके उडवत बायका विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. ते गावच्याच विहिरीचं लागतं. नळाचं आणलं तर मेलेल्या आज्या उठून मारायला येतील.

आणि कुणा शेठनं त्या विहिरीभोवती पत्रे ठोकले. सोमवारी डंपर आणून विहीर बुजवणार, वर बिल्डिंग. चौकीवर गेलो तर साहेब म्हणाले, "घरी नळ आहे ना? मग?"

जॉनी एकटाच पत्रा उचकटायला गेला आणि हात लोंबकळत परत आला. मोडला लवूनं. लवू शेठचा माणूस. अंगानं असा की दारातून आत यायला तिरकं व्हावं लागायचं. सोडावॉटरची बाटली दातांनी फोडायचा आणि काच पण चावून खायचा असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते. त्यानं निरोप धाडला, "शनिवारी जी बाई कळशी घेऊन येईल, तिचा हात तिथेच ठेवून घेईन."

शुक्रवारी संध्याकाळी सगळे क्रूसासमोर बसलो. रोझरीचा जप झाला, मग ज्यानं त्यानं आपापलं मागणं मागितलं. बँडवाला ॲम्ब्रोज म्हणाला, "देवा, त्या लोकांना उद्या जुलाब होऊ देत." मी म्हटलं, "देवा, लवू गाडीखाली येऊ दे. मालगाडी असली तर उत्तम." मग माझी सासू उठली. एथेलमाय. एवढीशी बाई, लुगडंच तिच्यापेक्षा जड. तिनं हात पसरले आणि मोठ्यानं म्हणाली,

"बापा, थँक्यू. उद्या लवूच्या हातचं पाणी आमच्या मेबलच्या डोक्यावर पडणार, त्याबद्दल थँक्यू. आमेन."

जॉनी प्लास्टरमधला हात धरून म्हणाला, "माय, मार मी खाल्ला, डोकं तुझं कसं फिरलं?"

"मागायचं तर पोटभर मागावं रे. तो काय रेशनचा दुकानदार आहे, मापात मारायला?"

"पण दिलं कुठे त्यानं अजून? थँक्यू कशाचं?"

"तू पोटात होतास तेव्हा मी झबली शिवली होती. तेव्हा काय तू दिसत होतास? बस खाली."

शनिवारी उन्हं उतरायला लागली तशी आमची वरात निघाली. पुढे ॲम्ब्रोजचा बँड, मागे बायका, त्यांच्यामागे प्लास्टर सांभाळत जॉनी, मध्ये एथेलमाय, डोक्यावर फुलं लावलेली तांब्याची कळशी, हातात जपमाळ. मी लुगड्यात मसाला कुटायचं मुसळ खोचलं होतं. माझा विश्वास होताच, पण मुसळाचं काय ओझं होतं?

विहिरीपाशी लवू आणि त्याची माणसं उभी. तलवारी, हॉकी स्टिक, सायकलच्या चेनी.

"म्हातारे, मागे फिर," लवू म्हणाला.

"कसा आहेस, बाबा? जेवलास?" म्हणत एथेलमाय चालतच राहिली.

पहिली बाटली आली ती क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळावर फुटली. त्याचं रक्त डोळ्यांत उतरलं तरी बिचारा सूर धरून होता. मग जी मारामारी झाली ना, तशी बोरीवलीनं पुन्हा पाहिली नाही! ट्रम्पेटवाल्याच्या तोंडावर एकानं ठोसा मारला तो ट्रम्पेटसकट; समोरचे दात घशात गेले. पुढे तो वाजवायचा तेव्हा ट्रम्पेटमधून बोकड ओरडल्यासारखं यायचं. माझ्या कानामागे चेन बसली, कातडी सोलून गेली, खळगा अजून आहे, हात लावून बघा. मी फिरले आणि चेनवाल्याच्या गुडघ्यावर मुसळ घातलं. वाटी फुटली त्याची. नारळ फुटतो तशी.

आणि या सगळ्यातून एथेलमाय 'नमो मरिये' म्हणत सरळ चाललेली. एकानं तिच्या मानेवर तलवार उगारली. ॲम्ब्रोज पोटावर मोठा ड्रम घेऊन मध्ये घुसला. तलवार ड्रममध्ये आरपार गेली आणि अडकली. ॲम्ब्रोजनं अशी गिरकी घेतली की तलवारवाला हवेतून उडाला तो थेट दिंडोशीला पडला असेल. निदान परत कुणाला दिसला नाही. तेवढ्यात आमच्या बायकांनी फटाक्यांची माळ पेटवून बाकीच्यांच्या पायांत टाकली. बेलबॉटमच्या पँटी होत्या तेव्हा. आत शिरले ना फटाके! धूर, रक्त, आईबहिणीवरून शिव्या, आणि जळक्या कातडीचा वास.

एथेलमायनं पत्र्याच्या फटीतून शिरून कळशीला दोर बांधला आणि रहाटावरून खाली सोडली. लवू पत्रा ढकलून आत घुसला आणि कठड्यावर गुडघा रोवून वाकला. दोर तोडायला त्यानं तलवार वर नेली, पण तिथेच दोरावर तिचा हात होता. तो हातावरच घाव घालणार, हे मी बघितलं. जॉनीनं पण बघितलं. पळत येऊन त्यानं प्लास्टरचा हात लवूच्या जबड्यावर हाणला. प्लास्टर फुटलं, हाड पुन्हा मोडलं, जॉनी किंचाळला. लवूचा घाव चुकून दोरावर बसला, आणि अर्धा दोर, कळशी, तलवार, लवू, सगळं विहिरीत गेलं.

त्याची उरलेली माणसं? पळाली. कुणाचं कोण असतं.

खाली लवू गटांगळ्या खात होता. त्याला पोहता येत नव्हतं. पालथी कळशी तरंगत होती, तिला मिठी मारून तो ओरडत होता, "मावशी! मावशी!" आता मावशी झाली.

जॉनीनं चांगल्या हातानं कठड्याचा सुटलेला दगड उचलला. "माय, बाजूला हो."

"दगड ठेव. उरलेला दोर धर."

"यानं तुझा हात तोडला असता!"

"तोडला नाही ना? धर दोर, जॉनी."

जॉनी तसाच उभा. दगड अजून वर धरलेला. मला वाटलं, टाकतो आता. मी थांबवणार नव्हते, खरं सांगते. मग त्यानं दगड पायाशी आपटला आणि दोर धरला. मी धरला, ॲम्ब्रोजनं धरला.

एथेलमायनं दोराचं टोक खाली सोडलं आणि वाकून म्हणाली, "दोर कमरेला बांध, बाबा. बांधलास? आता कळशी भरून घे."

"भरली तर बुडेन की!"

"कळशी तुला कुठवर तारेल? दोर आमच्या हातात आहे."

"ज्याचा हात मी मोडला, तोच दोर धरून आहे ना?"

"तोच धरून आहे."

लवूनं कळशीची मिठी सोडली. मग बुडबुडबुड असा कळशी भरल्याचा आवाज, आणि दोराला असा हिसका बसला की माझे तळवे सोलले. जॉनी रडत रडत ओढत होता. लवू वर आला तो जबडा वाकडा, ओठ फाटलेला, आणि छातीशी भरलेली कळशी. त्यातल्या पाण्यात त्याचं रक्त ठिबकत होतं.

तो कळशी खाली ठेवायला लागला. एथेलमाय म्हणाली, "इथे नाही. घरापर्यंत."

फाटक्या ड्रमच्या ठेक्यावर, बोकडी ट्रम्पेटच्या सुरावर लवू कळशी घेऊन आमच्या मांडवात आला. मेबल पाटावर बसली होती. कळशीत बघून म्हणाली, "शी! माय, यात रक्त आहे!"

"मग? दर रविवारी फादर कुणाचं रक्त पितात? डोकं खाली कर."

लवूनं पाणी ओतलं. असलं काम त्यानं कधी केलं होतं? अर्धं माझ्याच अंगावर. नंतर त्याला मैद्याचे तळलेले फुगे आणि मटण वाढलं. जबड्यामुळे चावता येईना, म्हणून फुगे रश्शात बुडवून खाल्ले. जॉनी त्याच्याशी बोलला नाही. पण पाण्याचा तांब्या त्यानंच पुढे सरकवला.

भांडी आवरताना मी एथेलमायला विचारलं, "माय, त्यानं कळशी भरलीच नसती तर?"

"मी आदल्या दिवशीच थँक्यू म्हटलं होतं. म्हटलेलं परत कसं घेणार?"

सोमवारी डंपर आला. मी मुसळ घेऊन धावले. विहिरीच्या कठड्यावर लवू पाय सोडून बसला होता, जबड्याला फडकं बांधलेलं. डंपरवाल्याला त्यानं नुसतं बोटानं मागे फिरायला सांगितलं. डंपर मागच्या मागे गेला तो थेट पार्ल्याला जाऊन थांबला म्हणे.

मग लवूनं मला विचारलं, "वहिनी, तो दोर बारीक आहे. नवीन आणू का?"